शैलजाताईंचा न छापलेला पेपर

विनायकराव, ईरा, आणि इथे जमलेल्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

याच हॉलमध्ये आपण गणपतीला भेटतो. दिवाळीच्या फराळाला भेटतो. तेव्हा दारात चपलांचा ढीग असतो आणि कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. आज सगळ्यांनी चपला जोडीने लावून ठेवल्यात. ते पाहिलं आणि ठरवून आणलेलं सगळं विसरलो. त्यामुळे जसं आठवेल तसं बोलतो. सांभाळून घ्या.

शैलजाताईंना जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना शेजारीण म्हणून ओळखता. कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा हे जपानात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला त्यांनी शिकवलं. पण त्या जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायच्या, हे किती जणांना ठाऊक आहे? मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक होतो. त्या तीन वर्षांविषयी मला बोलायचं आहे.

सुरुवात भूकंपापासून करतो. मोठा भूकंप झाला तेव्हा त्या इथेच, टोकियोच्या खाडीकाठच्या या उरायासूत होत्या. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. रस्ते फाटले आणि खालून राखाडी वाळू आणि पाणी वर आलं. दिव्याचे खांब कलले, गाड्या चाकापर्यंत रुतल्या. सगळीकडे ती ओली वाळू पसरलेली, आणि त्यावर मार्च महिन्यातलं पांढरं ऊन. ताई म्हणायच्या, "निखिल, मी खाली उतरले आणि मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. आयुष्यभर ज्या पाण्याची चित्रं काढली ते माझ्या दारात येऊन उभं होतं."

पुढे कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं. ताई बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. त्या रांगेत त्यांना रीमा आठवली.

रीमा पॅलेस्टिनी. वेस्ट बँकमधल्या एका गावात वाढलेली, पाण्यातली रसायनं तपासणारी. एका परिषदेत दोघींची ओळख झाली होती. तिच्या घरी नळाला पाणी रोज येत नाही, आलं की गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवतात, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. ताईंनी ऐकून घेतलं होतं. रांगेत उभं राहिल्यावर ते कळलं.

त्याच परिषदेत योआव होता. इस्रायली, भूजलाचाच माणूस. त्याच्या आणि रीमाच्या गावांत गाडीने तासाभराचं अंतर, आणि दोघांच्या विहिरींना एकाच खडकातून पाणी येतं. पण तिकडे एकमेकांच्या प्रयोगशाळेत जायचं तर परवाने लागतात. मिळतील याची खात्री नाही. नमुन्यांच्या बाटल्या नाक्यांवरच्या तपासणीत अडकून, गरम होऊन वाया जातात. ताईंनी दोघांना एकाच दिवशी पत्र लिहिलं. मग जॉर्डन देशातल्या हानीलाही लिहिलं, तोही याच विषयातला, कारण जॉर्डन नदीच्या पलीकडचं मोजल्याशिवाय चित्र पुरं होत नव्हतं. तुम्ही तिघं आपापलं पाणी घेऊन टोकियोला या, इतकंच.

आणि ते आले. पुढच्या दोन वर्षांत तीनदा आले. आमच्या लॅबच्या खिडकीतून खाडी दिसायची. फळीवर ओळीने बाटल्या, आणि दुपारी ऊन त्यांच्यातून आरपार जायचं. पाणी सगळं सारखंच दिसायचं. ताई एकेक बाटली उचलून आतल्या पाण्याचं वय सांगायच्या. हा पाऊस तुझ्या जन्माआधी पडलाय, हा माझ्या आजीच्या लग्नाच्या सुमारास. आम्ही चौघं ऐकत राहायचो. हानी वेलदोडा घालून कॉफी करायचा. ते दिवस आठवले की अजूनही पाण्याखालून बघितल्यासारखे दिसतात. जरा हलणारे. आवाज नसलेले.

तिसऱ्या खेपेला ते इथे असताना तिकडे लढाई सुरू झाली. सकाळी लॅबमध्ये कोणी कोणाला गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही. योआवचा पुतण्या सैन्यात. रीमाच्या बहिणीचा फोन लागत नव्हता. मला वाटलं, ताई काहीतरी बोलतील, समजावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आज तक्ता भरायचाय. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. रीमा, तू वाच. योआव, तू लिही."

तासभर फक्त आकडे. तिचा आवाज आणि त्याचं पेन. मग एका विहिरीपाशी रीमा थांबली. ती तिच्या गावातल्या शाळेची विहीर होती. नायट्रेट इतकं की ते पाणी लहान मुलांना देऊच नये.

योआव म्हणाला, "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. त्याने आकडा लिहून घेतला. मग म्हणाला, "वरच्या अंगाला सांडपाण्याचा नाला आहे. तो आमच्याकडचा आहे. मी गेल्यावर बघतो."

रीमाने पुढचा आकडा वाचला.

त्या तक्त्यातून पेपर तयार झाला. चांगला पेपर होता हो. तो छापला असता तर ताईंची विद्यापीठातली नोकरी कायम झाली असती, आणि माझंही पुढचं ठरलं असतं. आणि पाठवायच्या आठवड्यात रीमाचा फोन आला. योआवच्या नावाशेजारी तिचं नाव छापून आलं तर तिला तिकडे राहणं कठीण होईल. वडिलांनाही त्रास होईल. माझं नाव काढा, म्हणाली. बाकी छापा, माझी हरकत नाही.

मी म्हटलं, "ताई, ती स्वतःच सांगतेय. काढू या."

ताई म्हणाल्या, "त्या विहिरींत दोर तिने सोडला, निखिल. तिच्याशिवाय कसा छापू?"

"मग माझं काय?"

त्यांनी पेपरचे कागद गोळा करून कपाटात ठेवले. आणि मी, आज सगळ्यांसमोर सांगतो, मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला मोठेपणा मिरवायचाय. किंमत आम्ही द्यायची." दार आपटून निघून आलो.

पेपर छापला गेला नाही. ताईंचा करार वाढला नाही. त्या दोन कॉलेजांत तासांवर शिकवायला लागल्या. मी संशोधन सोडलं आणि टोकियोतल्या तोयोसूला सॉफ्टवेअरमध्ये लागलो. त्यांच्यापासून चार-पाच स्टेशनं लांब राहत होतो. दोन वर्षं फोन केला नाही.

मग एका शनिवारी त्या गाडीत समोरच बसलेल्या दिसल्या. मी दुसरीकडे बघायला लागलो. त्या उठून शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "वाळलास. घरी चल, आमटी भात केलाय."

जेवताना त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. शाळेच्या भिंतीला नवे नळ, आणि बाजूला रीमा. तो तक्ता ताईंनी तिघांनाही पुरा पाठवला होता. रीमाने तो गावच्या मंडळींपुढे ठेवला, जुनी विहीर बंद करवली, दुसरीकडून पाणी आणवलं. आणि योआव वर्षभर आपल्याकडच्या नगरपालिकेत खेटे घालत होता. नाला शेवटी वळवला गेला. यातलं कुठेही काही छापून आलं नाही.

मी विचारलं, "ताई, पेपरचं वाईट वाटतं का?"

त्या म्हणाल्या, "पेपरचं नाही. तुझं वाटतं. तुझं नुकसान मी तुला न विचारता केलं. ते चुकलंच माझं."

मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. विनायकराव, तुम्ही तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेलात. आम्हा दोघांना बोलता यावं म्हणून गेलात, हे मला नंतर कळलं.

आता तिकडे पुन्हा युद्ध आहे. पहिल्यापेक्षा फार मोठं. रीमा आणि योआव गेले कित्येक महिने एकमेकांना लिहीत नाहीत. ताई हॉस्पिटलमधून दोघांना वेगवेगळं लिहायच्या, त्याची खुशाली तिला, तिची त्याला. त्या गेल्याचं मी दोघांना कळवलं. योआवचं उत्तर आलं. ताईंविषयी चार ओळी, आणि खाली, "रीमा सुखरूप आहे का? मला विचारता येत नाही. तू विचारशील?"

मी विचारलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "आहे. त्याला सांग. आणि त्याच्या पुतण्याचं काय, तेही विचार."

मी विचारलंय. उत्तराची वाट बघतोय. ताईंच्या जागी बसायची माझी लायकी नाही. पण निरोप पोचवणं मला जमेल.

अजून एक, मग थांबतो. शेवटच्या आठवड्यात ताईंना मधूनच झोप लागायची, मधूनच जाग यायची. ईराने त्यांना जपानीत विचारलं, आई, कसलं स्वप्न बघत होतीस? ताई मराठीत म्हणाल्या, "स्वप्न नाही गं. ऐकत होते." आणि पुन्हा डोळे मिटले.

काय ऐकत होत्या, ते आम्ही विचारलं नाही.

आता आपण एक मिनिट शांत उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, ताईंना तसंच आवडलं असतं. लहान मुलं बोलली तर बोलू द्या. ईरा, समुद्राकडची ती खिडकी उघडशील का?

ताई, नमस्कार करतो.