प्रिंटरखाली दाबलेली साडी

आमच्या घरी प्रिंटरचं नाव काढू नका, का ते सांगते. मागं त्यानं एकदम छापायचं बंद केलं. वाया गेलेली शाई ज्या स्पंजात जिरते तो भरला, बदलून घ्या, असं कॉम्प्युटरवर यायला लागलं. आमचे हे म्हणले, “छपाई तर बराबर होऊन राह्यलती. ही कंपनीची नाटकं.” कुठूनसं सॉफ्टवेअर आणून यांनी वाया गेलेली शाई मोजणारा काउंटर झिरो केला अन् मशीन चालू झालं. मीबी कौतुकानं चहा टाकला.

स्पंज मात्र भरलेलाच होता. अन् सासूबाईंचा इस्त्रीपेक्षा त्या प्रिंटरच्या वजनावर भरोसा. सासऱ्यांनी घेतलेली शेवटची पांढरी साडी त्या घडी घालून त्याच्याखाली दाबून ठेवायच्या. बुद्धपौर्णिमेला सकाळी काढली, तर मधोमध काळा डाग, सगळ्या घड्यांमधून उतरलेला.

“काउंटर तर झिरोच दाखवून राह्यलता,” हे बारीक आवाजात म्हणले.

“मंग हिलाबी झिरो कर की, बाबा,” सासूबाई म्हणल्या.

विहारात सगळ्या बाया पांढऱ्या साडीत. सासूबाई हिरवी नेसून मागं चपलांपाशी बसल्या. पुढच्या रांगेतली त्यांची जागा कोणीच घेतली न्हाई, वंदना संपेपर्यंत ती मोकळीच राह्यली.