या आठवड्यात काय केलंस?

सून: हात वर घ्या बाबा. तो नाही, तो कुठे येणार वर. डावा.

सासरे: त्या पाळकाला येऊ नको म्हणून सांग.

सून: कालपासून तेच ऐकतेय. आता कुशीवर व्हा. हां, झालं. चादर परत ओलीचिंब. घंटी उशाशी आहे, डाव्या हाताला लागेल अशी मुद्दाम ठेवलीय. मग वाजवायला काय होतं?

सासरे: लक्षात आलं नाही.

सून: पहाटे बरं रोज लक्षात येत नाही. दिवसा सगळं येतं. खिडकी लाव, रेडिओ हळू कर, माशी बसली. पाठीला जखम झालीय बाबा ओल्यात पडून पडून. नर्सबाई मला बोलून गेल्या. मीच जणू तुम्हाला भिजत घातलंय.

सासरे: विषय बदलू नकोस. पाळकाला फोन कर.

सून: आणि काय सांगू? सासरे बाहेर गेलेत?

सासरे: सांग, प्रभुभोजन घेण्यासारखी माझी अवस्था नाही.

सून: अहो, अवस्था अशी आहे म्हणूनच ते घरी घेऊन येतायत. चालता येणारे चर्चमध्ये जातात.

सासरे: मी पायांचं नाही बोलत. तो विचारेल ना, या आठवड्यात दुसऱ्यासाठी काय केलंत. मी काय सांगू?

सून: अस्सं. म्हणजे तुम्ही पाळक असताना केलेला नियम तुमच्याच गळ्यात आला.

सासरे: आला. नियम काही चुकीचा नव्हता. विश्वास आहे, विश्वास आहे, असं कुणीही म्हणतं. नळाची कामं करायचो तेव्हा पाइप टाकलाय म्हणणारे पुष्कळ भेटले मला. नळ सोडून पाणी आलेलं बघितल्याशिवाय मी कुणाच्या घरून उठलो नाही. तसंच प्रभुभोजनाच्या मेजाचं. एक काम सांग, मग भाकरीचा तुकडा घे.

सून: आणि म्हणून शनिवार आला की अख्ख्या मंडळीला परोपकाराची उबळ यायची. शिंपीणबाईंच्या आईला एका संध्याकाळी तिघांनी रस्ता ओलांडून दिला. तिला पलीकडे जायचंच नव्हतं.

सासरे: हसवू नकोस. हसलं की लाळ गळते.

सून: गळू दे, पुसते. त्यात काय.

सासरे: तेच तर. तू पुसतेस. तू भरवतेस. मी तोंड उघडायचं आणि मिटायचं. अंगावरून वारं गेलं त्या दिवसापासून मी नुसता घेतोय पोरी. पाणी न येणारा नळ कधी बघितलायस? लोक त्यावर फडकं वाळत घालतात.

सून: बघा आता. सकाळी सकाळी हे.

सासरे: वर गेल्यावर हाच प्रश्न विचारतील. जन्मभर मी लोकांना हेच सांगत आलो. क्रिया नसेल तर विश्वास मेलेला. मग माझाही मेलाच की. मला भीती वाटते.

सून: भीतीचं मला सांगू नका बाबा. मी नाही आता कशावर विश्वास ठेवत. माझ्यासाठी वर कोणी नाही आणि खाली कोणी नाही. मला फक्त शर्ट दिसतात. अर्धा गठ्ठा अजून पडलाय, काजं व्हायचीत, बटणं लावायचीत.

सासरे: तरी माझं सगळं करतेस.

सून: कुणीतरी करायला हवं म्हणून करते. त्याला मोठं नाव देऊ नका. कंटाळत करते. मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत करते कधीकधी.

सासरे: ऐकू येतात.

सून: येऊ देत. पाठ इकडे करा, मलम राहिलंय. थोडं झोंबेल. झोंबलं की सांगा, नाहीतर तेही लक्षात यायचं नाही तुमच्या.

पाळक: दार उघडंच होतं. आत येऊ का?

[तरुण पाळक दारात उभे आहेत. काखेत प्रभुभोजनाची चपटी पेटी, बुटांवर धूळ, आणि चेहरा असा, की त्यांनाच आधी कुणीतरी खाटेवर निजवावं.]

सून: या पाळकसाहेब. खुर्चीवरचे शर्ट बाजूला सारा आणि बसा. माझे हात मलमाचे आहेत. पाणी हवं असेल तर माठातलं घ्या हातानेच.

पाळक: घेतो. सकाळपासून फिरतोय, पाय बोलायला लागलेत. बाहेरचा नळ टपकतोय तुमचा.

सासरे: वॉशर गेलाय. धड असतो तर एव्हाना बदलला असता.

पाळक: मला शिकवा कधीतरी. लोक अजून मला तेच ऐकवतात, आधीचे पाळक उपदेश करून झाला की मोरीही बघून जायचे. माझा उपदेश झाला की नुसतेच घरी जातात.

सासरे: पेटी उघडू नकोस बाळा. मी घेणार नाही.

पाळक: का हो?

सून: त्यांना प्रश्नाची धास्ती आहे. तुम्ही विचारणार, आणि यांच्याकडे उत्तर नाही.

पाळक: कोणता प्रश्न? तो? बाबा, तो मी बंद केला. उन्हाळ्यातच. मला वाटलं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल.

सासरे: बंद केलास?

पाळक: मीच येऊन सांगायला हवं होतं. आज उद्या करत राहिलो. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

सासरे: कुणाला विचारून?

पाळक: कुणाला नाही. मेजाजवळ यायला लोक कचरायला लागले होते. गीत सुरू झालं की मागच्या बाकावरची माणसं हळूच उठून जायची. एक बाळंतीण होती. काम सुटलेला तो दाढीवाला. गुडघे गेलेल्या दोघी बहिणी. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तेच उपाशी जात होते. मला ते बघवेना.

सासरे: म्हणजे आता कसंही यायचं आणि घ्यायचं.

पाळक: तारण आपण कमवत नाही बाबा. ते कृपेने दिलेलं असतं. विश्वास म्हणजे घ्यायला हात पुढे करणं, एवढंच. कामं मागाहून येतात, आपोआप येतात. पण ती दाखवून आत शिरायचं नसतं.

सासरे: हातच पुढे होत नाही माझा.

पाळक: तसं नव्हतं म्हणायचं मला.

सासरे: माहितेय. पण कामं आपोआप येतात म्हणालास. कुठे येतायत? माझ्याकडे बघ. आणि इतकी वर्षं मी जे केलं त्याचं काय? लोकांना उंबऱ्यावर उभं करून झडती घेतली?

पाळक: तुमच्यामुळे कितीतरी लोक एकमेकांच्या घरी जायला लागले. अजून नाव काढतात.

सासरे: ते नळांमुळे. मी मेजाचं विचारतोय. त्या बाकावरून उठून जाणाऱ्यांची नावं तरी मला माहीत होती का?

सून: एकीचं होतं.

पाळक: ताई?

सून: काही नाही. बोला तुम्ही.

सासरे: बोल पोरी.

सून: जुनं आहे हो. यांचा मुलगा गेला, त्याच्या पुढच्या रविवारी मी मेजाजवळ गेले होते. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून जेवढी प्रार्थना केली होती ना, तेवढी जन्मात केली नव्हती. सगळी सरली होती. तरी गेले. म्हटलं, घरात बसून काय करू. बाबांनी विचारलं, या आठवड्यात काय केलंस? सगळ्यांना विचारतात तसंच. मी म्हटलं, काही नाही. खरंच काही केलं नव्हतं. भिंतीला टेकून बसले होते. बाबा थांबले थोडे. मला वाटलं, आता देतील. त्यांचाही मुलगाच होता की तो. मग म्हणाले, पुढच्या रविवारी ये.

पाळक: मग?

सून: मग कसला पुढचा रविवार. गेले नाही. हळूहळू बाकीचंही सुटलं. देवावर राग वगैरे नाही हो. राग करायलाही अंगात जोर लागतो.

सासरे: सुनेला सूट दिली तर लोक काय म्हणतील, असं आलं माझ्या मनात. तेवढंच आलं. दुसरं काही आलंच नाही.

सून: मला कळलं होतं ते. म्हणून तर कधी काही बोलले नाही. आत्ताही नव्हते बोलणार, तुम्हीच बोल म्हणालात.

सासरे: पेटी घेऊन जा बाळा. हिला दिला नाही, तो तुकडा मी कुठल्या तोंडाने घेऊ?

पाळक: बाबा, असं हिशेबानं नका बघू त्याच्याकडे. मला बसू द्या जरा तुमच्याजवळ. अरे! माफ करा, घंटीला कोपर लागलं.

सून: केवढ्याने दचकले मी. हातातली मलमाची डबी पडली असती.

पाळक: खणखणीत वाजते की.

सून: वाजते ना. मागच्या खोलीत निजलेली मी ताडकन उठून बसते. एवढी घंटी असून पहाटे आमचे बाबा ओल्यात पडून राहतात. पाठ बघा काय झालीय.

पाळक: अरे देवा. दुखत असेल हो. वाजवत का नाही बाबा? बोटं हलतात तुमची, आत्ता चादर चिमटीत धरलीत.

सासरे: राहून जातं.

पाळक: रोज?

सून: मीही तेच विचारते.

सासरे: ती शर्ट घेऊन बसलेली असते. मशीन थांबतं तेव्हा कोंबडं आरवायची वेळ झालेली असते. मग कुठे तिचा डोळा लागतो. घंटी वाजली की उठेल, चादर बदलेल, आणि पुन्हा काही झोप यायची नाही तिला. म्हणून पडून राहतो. आधी गार लागतं. मग अंगाच्या उबेने होतं बरं.

सून: काय?

सासरे: काही नाही.

सून: म्हणजे जागे असता तुम्ही? कळत असतं सगळं?

सासरे: तुझं घोरणं ऐकत असतो. बापासारखं घोरतेस.

सून: आणि ही जखम? ती कोण धुतंय? माझ्या तासाभराच्या झोपेपायी मला दोन वेळची मलमपट्टी लावून दिलीत. कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? मी मागितली होती झोप?

सासरे: नव्हती मागितली.

सून: मी तुम्हाला शिव्या घालायचे! वाटायचं, म्हातारा मुद्दाम करतो. आणि तुम्ही पडलाय तिथे थंडीत. माणसानं रडावं की डोकं आपटून घ्यावं?

पाळक: ताई, बसा. बसा जरा.

सून: मी ठीक आहे. पाळकसाहेब, विचारा त्यांना.

पाळक: काय विचारू?

सून: तेच. या आठवड्यात काय केलंत. बंद केलाय, माहितेय मला. आजच्यापुरता विचारा. त्याशिवाय हे तोंड उघडणार नाहीत, मी ओळखते यांना.

पाळक: बाबा, या आठवड्यात काय केलंत?

सासरे: काही नाही.

सून: मला झोपू दिलं म्हणा.

सासरे: नाही म्हणणार. ते काम नाही. ते नुसतं पडून राहणं आहे, आणि त्यातही तुझं काम वाढवलंच मी.

सून: अहो, पण सांगितलंत तर मिळेल.

सासरे: तू म्हणाली होतीस ना काही नाही? मीही तेच म्हणतो. काही नाही. तेवढ्यावर देत असशील बाळा, तर दे. पण आधी तिला.

पाळक: ताई?

सून: नको. मला मध्ये घेऊ नका. मला खोटं खोटं घेता येणार नाही. विश्वास उरलेला नाही माझ्यापाशी, खरंच नाही. शोधून बघितलाय.

सासरे: माझ्याकडे आहे थोडा. दोघांत भागवू.

सून: असं चालतं का?

पाळक: मला पुस्तकात कुठे दिसलेलं नाही. पण आज कुणाला विचारायला जायचं माझ्या अंगात त्राण नाही. हात पुढे करा.

सून: मलम लागलंय हाताला.

पाळक: असू दे.

सासरे: घे पोरी. मी तेव्हाच द्यायला हवा होता.

सून: रडू नका हो. तुम्ही रडलात की मला दोन्हीकडून पुसावं लागतं. घेतला, बघा. घेतला मी. आता तुम्ही. द्या इकडे पाळकसाहेब, यांना मी भरवते, तुम्हाला जमायचं नाही. आ करा बाबा. असं. सावकाश, ठसका लागेल. गिळलात?

सासरे: गिळला.

सून: आणि उद्यापासून पहाटे घंटी वाजवायची.

सासरे: मग माझ्याकडे काहीच उरणार नाही.

सून: नाही उरलं तरी चालेल. वाजवायची.

सासरे: हळू वाजवीन.