उद्घाटन झालेला सर्व्हर

मुदखेड स्टेशनात तिकिटाच्या रांगेत केवळाबाईच्या पुढं दोघं भाऊबहीण उभे होते. नांदेडचे क्लास बहीण बघायची आणि लातूरचे भाऊ, एवढं तिला त्यांच्या भांडणावरूनच कळलं होतं.

"दादा, त्या कंपनीचं सर्व्हर सॉफ्टवेअर परत घ्यायचं न्हाई. मी तुझ्यासंगं लातूरला निघाले ते तुझी सही अडवायलाच."

"अगं, आपल्या समोरच्या क्लासनं बी तेच घेतलंय."

"त्यांची पोरं रडली का? माझी रडली. अर्ध्या पेपरात सगळे कॉम्प्युटर बंद!"

"होतंय एखाद्या वेळी."

"दुसरं सॉफ्टवेअर मी सगळ्या पोरांना एकदम बसवून बघितलं, चाललं. तू आणलेलं बी आधी तसंच बघू म्हटलं, तर काय म्हणालास?"

"आमदारसाहेबांची तारीख मिळाली होती. उद्घाटन पुढं ढकलायचं होतं का?"

"हाव ना! नारळ फोडला, सर्व्हरला हार घातला, अन् चाचणी तेवढी राहिली."

"हळू बोल, लोक ऐकून राहिलेत."

केवळाबाईनं पिशवीत काही शोधायला घेतलं.

"ऐकू दे! पालक पोरं काढून न्यायलेत, ते माझ्या दारातून. तुला काय त्याचं?"

"साक्षे, बोर्डावर नाव माझं हाय."

"मग बोर्ड लातूरला घेऊन जा. नांदेडची पोरं मी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बसवते."

खिडकी आली. भाऊ वाकला.

"लातूरची दोन द्या."

"एकच द्या त्यांना," साक्षी म्हणाली. "मला नांदेडचं द्या."