भजनाच्या अँप्लिफायरची घुंघुं

उचगावच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“कस्तुरी, देवळातला भजनाचा अँप्लिफायर तू दुरुस्त केलास म्हणं?”

“व्हय आक्का. नवे कपॅसिटर घालूनबी घुंघुं जाईना. बघतोय तर ट्रान्सफॉर्मर माईकच्या वायरीला चिकटून बसवलेला! काढला आन् लांबच्या कोपऱ्यात आडवा बसवला.”

“मग?”

“घुंघुं गायब! चालू हाय का बंद, कळंना.”

“भजनी मंडळाचं आप्पा लई खूश झालं असतील.”

“कुठलं! इतकी वर्षं घुंघुं ऐकू आली की मशीन चालू, असंच धरून बसल्यात ते. माईकम्होरंच माझ्यावर ओरडलं, ‘बिघडवलास न्हवं पोरी!’”

“अगं बाई! मग गं?”

“मग काय? अख्ख्या उचगावानं स्वच्छ ऐकलं!”