गप्प बसायचं एक मिनिट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, लघुपट मंडळाच्या दिग्दर्शक ताई, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आपले आवाजवाले, आणि समोर जमलेल्या बंधुभगिनींनो. पहिल्या रांगेत माझं कुटुंब बसलं आहे. तिलाही नमस्कार.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. भाषण लिहून आणलं आहे, पण माझं अक्षर मलाच लागत नाही. तोंडीच बोलतो. मध्येच थांबलो तर कृपा करून टाळ्या वाजवू नका, मला वाटेल संपलं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. या मंडळींनी माझ्यावर चौदा मिनिटांचा माहितीपट काढला आहे आणि तो माझ्या भाषणानंतर इथे दाखवणार आहेत. मी विचारलं होतं, माझ्यात बघण्यासारखं काय आहे? ताई म्हणाल्या, "काका, तेच तर बघायचंय." यांनी आधी इस्पितळातल्या चादरी धुणाऱ्या बाईवर काढला, एका लिफ्टमनवर काढला. ऐकू न येणाऱ्या एका नवराबायकोवर काढला, तो मी तीनदा पाहिला. दोघं हातांनी भांडतात. बायको चिडली की दिवाच बंद करते, म्हणजे नवऱ्याचं बोलणं बंद. बघून मी हसलो आणि मग मला धास्ती बसली. माणसाच्या घरात इतकं आत जावं का? आणि गेल्यावर हातात काय लागेल, याचा काय नेम?

आता आवाजवाल्यांविषयी. पस्तीस वर्षं यांनी लोकांचं बोलणं टिपलं. उजवा कान दगा देऊ लागला म्हणून थांबताहेत. मशीनची तक्रार मीही कानानेच ओळखतो, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. दुकानात शूटिंग संपलं, ताई "कट" म्हणाल्या, दिवे बंद झाले, मी उठायला लागलो. तर हे म्हणाले, "काका, अजून एक मिनिट. आता कोणी बोलायचं नाही. मला खोलीची शांतता घ्यायची आहे."

म्हटलं, शांतता कशाला घ्यायची? ती काय कमी पडली आहे? तर म्हणाले, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि आवाजाच्या जोडकामाला तिथलीच लागते, कापडाला त्याच ताग्याचं ठिगळ लावावं तशी.

मंडळी, गप्प बसायला सांगितलं की मला गप्प बसवत नाही. पहिल्या वेळी विचारलं, झालं का? दुसऱ्या वेळी खोकलो. तिसऱ्या वेळी मला वाटलं, कॅमेरा बंद आहे म्हणजे सगळंच बंद आहे. आणि मी पुटपुटलो. काय पुटपुटलो ते आठ दिवसांपूर्वी यांनी माझ्या कानाला हेडफोन लावून ऐकवलं. म्हणाले, "काका, ताईंना हे ठेवावंसं वाटतं. पण तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तर काढतो, कुणाला पत्ता लागणार नाही." मी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला आणि दुकानात परत आलो. आठ दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही. आज दारात भेटले तर म्हणाले, "दोन्ही प्रती आणल्यात. भाषण संपेपर्यंत सांगा."

तर ते भाषण हे.

पूर्वी माझं कुटुंब दुकानात शेजारी बसून बॉबिनवर दोरा भरायची आणि भरताना गुणगुणायची. शाळेच्या बाई, आमच्या गिऱ्हाईक, त्यांचं मशीन दर महिन्याला बिघडायचं. बिघडायचं कसलं, ऐकायला यायच्या. मला म्हणायच्या, "तुमचं सावकाश होऊ द्या हो, वहिनींचं पुरं होऊ दे." हळूहळू लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, गाणाऱ्या वहिनींचं दुकान. दुकान माझं. पाटीवर नाव माझं.

एके दिवशी मी हिला म्हणालो, गिऱ्हाईकं कुरकुरतात, तुझ्या आवाजाने डोकं उठतं म्हणतात. तिने विचारलं, कोण म्हणतं? मी इतकं पुढचं ठरवलं नव्हतं. तोंडात पहिलं नाव आलं ते शाळेच्या बाईंचं.

सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून ती गायली नाही. बाईंशी बोललीही नाही. बाई दोनदा घरी आल्या, हिने दार उघडलं नाही, मी आत बसून होतो. त्या मिनिटात मी एवढंच पुटपुटलो, "कुणी कुरकुरलं नव्हतं गं." तिने हे पडद्यावरून, अंधारात, माझ्या नुसत्या आवाजात ऐकावं हे मला बरं वाटेना. म्हणून समोरून सांगतो आहे. कुणी कुरकुरलं नव्हतं. मला तुझा हेवा वाटत होता.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल, मला इथे ऐकू येत नाही.

ती विचारते आहे, बाई काहीच बोलल्या नव्हत्या?

नाही. काहीच नाही.

अध्यक्ष महोदय, क्षमा करा, ती उठली आहे. अगं, निदान सिनेमा...

म्हणते, "तो तुमचा तुम्ही बघा. बाई आता जिना उतरत नाहीत, घरीच असतील. त्यांची झोपायची वेळ व्हायच्या आत जाते." बाई जिना उतरत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं.

गेली. तिला वाट द्या, दादा, पाय जरा आत घ्या.

आवाजवाले, वाक्य असलेली प्रत लावा. आता ऐकायला ती इथे नाही, तरीही तीच लावा. तुम्ही दिलेला कान मी विसरणार नाही. उरलेल्या कानाला जपा, आणि कुणी तुमच्याशी खोटं बोललंच तर त्या बाजूने बोलू नये, एवढी प्रार्थना.

मंडळाने मला बोलावलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना आपल्यापैकी कुणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्या. आपणा सर्वांची माफी इथे मागून होते. दोन माफ्या बाकी आहेत, त्यांच्यासाठी मला एक जिना चढायचा आहे. तेव्हा सिनेमाला मीही थांबत नाही.