आईच्या खिडकीची काच

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर भाऊबहीण बसले होते. माझ्या ओठांवर जप चालू होता, पण कान तिकडेच.

"ताई, झाली का गं खिडकीला उन्हाची फिल्म लावून? आज आई घरी येणार, आणि डॉक्टरांनी कडक उजेड नको म्हणून बजावलंय."

"झाली. तू लावलेली सोलून काढली आणि उरलेली लावली. कोरडीच चिकटवलीस, म्हणून फुगे आले. वर ते टाचणीने फोडत बसलास! भोकाभोकातून ऊन."

"मला वाटलं, पाण्याने गोंद धुऊन जाईल."

"अरे बाबा, साबणाच्या पाण्याने काच भिजवायची, फिल्मही भिजवायची, मग ती हवी तशी सरकते. मी मधून कडेकडे पाणी निपटत नेलं. एक फुगा नाही."

"सुटलो! नाहीतर पडदे ओढून तिला अंधारात बसवावं लागलं असतं."

"बसली असती होय ती?"

तेवढ्यात नर्सचा हात धरून आई बाहेर आली, काळ्या चष्म्यात.

"काय रे, माझी खिडकी झाकली नाहीत ना? रस्ता दिसणार नसेल, तर मी इथेच बरी."

"सगळा रस्ता दिसेल, आई. काचेला फिल्म लावलीय, ऊन तेवढं टोचणार नाही."

"लावली कुणी ती?"

"ताईने."

"मग चला घरी."