देवाच्या उजव्या हाताचा हब

—खरं तर हे तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलंय, आईनं वेगळं आणि भगवंतकाकांनी वेगळं. आणि मी कुणाशी फारशी बोलतही नाही, शाळेत टीचरनी विचारलं तरी उत्तर वहीत लिहून दाखवते — पण तुम्ही मघापासून त्या जीपकडे बघताय, म्हणून सांगते. मी निशिगंधा, प्रियदर्शिनीताईची धाकटी बहीण. चहा घ्या ना. बिस्किटं आबिड्सच्या बेकरीतली आहेत, आई घरी केली म्हणेल, तुम्ही हौ म्हणा. तर बाबा आता त्याच जीपनं तुम्हाला सुलतान बाजारला तुमच्या मामांकडे सोडणार आहेत, माहीत आहे ना? नाही? आमच्याकडे ताईला बघायला आलेल्या मुलाला जीपमधून नेऊन सोडायची पद्धत आहे — पद्धत म्हणजे बाबांनीच पाडलेली.

लढाईतली आहे, दुसऱ्या महायुद्धातली. जीप म्हणते मी, बाबा नाही. बाबा वीज ऑफिसात बिलांच्या तक्रारी बघतात, पण रविवारी खाकी शर्ट घालतात, आणि कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना मेजरसाब म्हणतो, ते बाबा खोडून काढत नाहीत. मागच्या वर्षीपर्यंत ही जीप ब्रह्मदेशात लढली होती, यंदा आफ्रिकेत लढली. तुमच्याआधी एक मुलगा आला होता — हे तर मुळीच सांगायचं नव्हतं — त्याला नामपल्ली स्टेशनला सोडताना मागची चाकं अशी डुगडुगली की तो मधेच उतरून चालत गेला. बॅग जीपमध्येच राहिली. ती नेली त्याच्या भावानं, आणि नकारही त्यानंच दिला. काका म्हणाले, दोष पोरीचा नाही, हबचा आहे. हब म्हणजे मागच्या एक्सलच्या टोकाला तो लोखंडी भाग असतो ना, ज्याच्यावर चाक बसवून नट आवळतात, तो. आमच्या जीपचे दोन्ही आतून पार झिजले होते. म्हणून ताईच्या लग्नाच्या तयारीत पहिली खरेदी झाली ती हबची. साड्या नंतर बघू म्हणाले.

नवे हब आले नेमके खंडेनवमीच्या तोंडावर. त्या दिवशी घरातलं लोखंड पूजायचं, मग हे कसे सोडणार? दोन्हींवर खडूनं डावा-उजवा लिहिलेलं होतं, कारण या जीपचं तसं असतं — डावीकडच्या चाकाच्या नटांचे आटे उलटे, म्हणजे गाडी धावताना ते आपोआप सैल पडत नाहीत. हे बाबांनीच शिकवलंय, ते सगळ्या गल्लीला शिकवतात. तर आईनं दोन्ही हब चिंच लावून घासले. देवापुढे ठेवायचं ते घासूनच ठेवणार ना, तिचं काय चुकलं? खडू गेला. मग हळदकुंकू, झेंडू, आरती, आणि दसऱ्याच्या दिवशी बाबा आणि काका हातात एकेक हब घेऊन अंगणात उभे.

नट फिरवून बघितला असता तर लगेच कळलं असतं. कुणी बघितला? कुणी नाही. काका म्हणाले, पाटावर उजवीकडे होता तो उजवा. बाबा म्हणाले, आपल्या उजवीकडे की देवाच्या? आपण समोर बसलो होतो ना — चाललंच ते, शेजारच्या रेड्डी आंटीसुद्धा मत देऊन गेल्या. शेवटी देवाचा उजवा धरला. देव कशाला चुकेल? मग बेअरिंग, ग्रीस, सगळं नीट बसवलं, आणि नट आवळताना डावीकडचे सरळच फिरले. बाबांचा हात थांबला. काकांनी पाहिलं. मग दोघांनी चहा मागवला. आणि चहा पिताना काका म्हणाले, पूजा करून बसवलेलं लोखंड वर्षभर उतरवत नसतात. ही रीत मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

काल बाबा देवळापर्यंत चक्कर मारून आले. आज सकाळी रांगोळी काढताना मी मागच्या चाकाला टेकले, तर नट बोटांनी फिरला. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, थंडीनं लोखंड आक्रसतं. हैदराबादची थंडी, तीही आत्ता. काकांनी त्या नटांना आणखी कुंकू लावलं.

नाही, ऑटोनं जातो म्हणू नका, बाबा त्याचा अर्थ नकार असाच घेतात. आणि ताई — ताईनंच मला पाठवलं. म्हणजे पाठवलं नाही, ती फक्त म्हणाली की हे तरी शाबूत परत जायला हवेत. त्या आधीच्याच्या वेळी ती असं काही म्हणाली नव्हती. हे तिला कळू देऊ नका. आणि हब उलटे बसलेत असंही बाबांना सांगू नका, पाहुण्याचं कोण ऐकतं? माझं तर सायकलच्या चेनबद्दलही ऐकत नाहीत. जावयाचं मात्र ऐकतात. आत्याचे यजमान म्हणाले म्हणून आम्ही चांगलं देवघर भिंत पाडून हलवलं. जावई म्हणाला हब बदला, तर बाबा आत्ता बाह्या सरसावतील, आणि जावयाच्या शब्दावर लोखंड उतरवलेलं चालतं अशी रीत काकांना आठवेल. पण त्यासाठी आधी जावई व्हायला हवं, म्हणजे निदान होकार — मी घाई करत नाहीये, तुम्हाला ताई आवडली नसेल तर — बघा, जीप सुरू केली. काका हार घेऊन उभेत. हो असेल तर इथे पायरीवरच मोठ्यानं बोला, आणि नाही असेल तर निदान सावकाश — आले, बाबा. हो, आणते त्यांना. काय म्हणालात? हो? आत्ताच? मला नको, त्यांनाच सांगा. आले म्हटलं ना — बाबा, इंजिन बंद करा जरा, हे म्हणताहेत की